हरेशपायी सुटलेली मासळी

आमच्या घरात सुक्या बोंबलाचा वास यायचा बंद झाला तो हरेशमुळे. हरेश आमचा शेजारी. दोन्ही घरांच्या ओट्यांमध्ये जेमतेम कंबरेएवढी भिंत, तीही एका बाजूनं खचलेली. मासळी सोडा असं त्यानं आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. त्याला कुणी विचारलंही नव्हतं, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गोम तिथंच होती.

मी कल्याणची. लग्न होऊन भिवंडीजवळ शेलारच्या पलीकडच्या ह्या गावात आले तेव्हा भाताची बरीचशी खाचरं गोदामांच्या पत्र्यांखाली गेली होती. जमिनीचे पैसे आले, घरांवर मजले चढले, वाढदिवसाला नाक्यावर फ्लेक्स लागू लागले. विकलं नाही ते एकच, गावदेवीच्या देवळासमोरचं कबड्डीचं मैदान. त्याच्यासाठी कितीतरी गोदामवाले येऊन चहा पिऊन गेले. मी माहेरी कबड्डी पाहिली ती शाळेच्या पटांगणात, तीही मधल्या सुट्टीत. इथं येऊन कळलं की सुनेला भाकरी थापता आली नाही तर चालतं, पण पकड कशाला म्हणतात ते तिनं विचारलं तर चारचौघांत हसं होतं.

हरेश तेव्हा नुकता कॉलेजात जायला लागला होता. अंगानं किरकोळ, मान जरा पुढं काढलेली, आणि पाय अंगाच्या मानानं लांब. चढाईला गेला की समोरच्या पोरांना वाटायचं हा अजून लांब आहे, आणि तेवढ्यात कुणाला तरी अंगठा लावून तो मध्यरेषेकडे परतलेला असायचा. मैदानाबाहेर मात्र त्याच्यात बघण्यासारखं काही नव्हतं. रिक्षात तिसरा बसला तर उतरेपर्यंत बाकीच्या दोघांना पत्ता लागणार नाही, असा मुलगा.

त्याची खोड होती ती दमाची. कबड्डी कबड्डी म्हणत दम घुमवायचा तो कुठंही. पाण्याचा हंडा उचलताना, स्कूटरवर, आई कानाशी ओरडत असताना. ओठ हलताना दिसायचे आणि बारीक गुणगुण ऐकू यायची. मध्येच त्याला काही विचारलं तर एक बोट वर करायचा. आपण थांबायचं. दम संपला की श्वास घेऊन तो उत्तर द्यायचा, आणि उत्तर ठरलेलं असायचं, "बगू." जेवलास का, बगू. परीक्षा कधी, बगू. एवढा वेळ थांबून एवढंच ऐकायचं म्हणजे माणसाला राग यायचा, पण त्याच्यावर राग धरून ठेवता यायचा नाही.

जिल्ह्याच्या सामन्यांत त्यानं एकट्यानं दोन संघ गारद केले तेव्हा गावाच्या कानात वारं शिरलं. मुंबईच्या एका क्लबाचा प्रशिक्षक घरी येऊन गेला. मग टीव्हीवर जी मोठी लीग दाखवतात तिच्यातल्या एका संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं. अजून फक्त शिबिर होतं, पण त्याच आठवड्यात नाक्यावर फ्लेक्स लागला: 'भारताचा भावी कर्णधार'. खाली शुभेच्छुकांचे फोटो, गॉगल लावलेले, सोन्याच्या साखळ्या घातलेले, एकेकाचं तोंड परातीएवढं. मी भाजी घेऊन येत होते, हरेश त्याच्याखाली उभा होता. बराच वेळ बघून म्हणाला, "वहिनी, यात मी कुठं हाय?" खरंच शोधावं लागलं. तो वर कोपऱ्यात होता, देवीच्या फोटोशेजारी, पासपोर्ट साइजचा फोटो लावलेला.

नवसांची सुरुवात धर्मा नानांनी केली. नाना म्हणजे गावातल्या कबड्डीचं मूळ पीठ. त्यांच्या काळात ते मातीवर खेळायचे, अनवाणी, लंगोट लावून, आणि त्यांची पकड एकदा बसली की पंचांना सांगून सोडवावी लागायची असं लोक सांगतात. हरेशला पहिला दम घुमवायला त्यांनीच शिकवला. गावदेवीच्या जत्रेत नारळ फोडून झाल्यावर ते सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "माझा हरेश टीवीवर खेलंल तवाच मी मासळीला हात लावीन. तवर न्हाय."

खाडीकाठच्या गावातल्या माणसानं हे म्हणणं म्हणजे काय, हे मला सासूबाईंच्या तोंडाकडे बघून कळलं. नवस कसा बोलतात हे कुणालाही माहीत असतं. देवी, तू हे कर, मग मी तुला ते देईन. आधी काम, मग मोबदला. नानांनी उलटं केलं. देणं आधीच सुरू केलं, आणि कधीपर्यंत याची मुदतही घातली नाही. मुदत कुणाला सुचलीच नाही, कारण पुढच्या जत्रेपर्यंत हरेश टीव्हीवर असणार याबद्दल एकाही माणसाला शंका नव्हती.

मग काय, एकानं केलं म्हणून दुसऱ्यानं. आमच्या सासूबाईंनी तिथंच देवळाच्या पायरीवर मासळी सोडली. त्यांच्या घरात राहून मी एकटीनं बोंबील तळणं शक्य नव्हतं, तेव्हा न बोलता माझाही नवस झाला. पोरांनी केस वाढवले. एकानं चपला सोडल्या आणि मे महिन्यात डांबरी रस्त्यावर उड्या मारत चालू लागला. दारू पिणाऱ्यांनी दारू सोडली, आणि ह्यातली खरी गंमत तिथं आहे. सुगंधा वहिनी म्हणून आमच्या गल्लीत आहेत, त्यांचा नवरा रोज संध्याकाळी भिंत धरत घरी यायचा. तो नळाचं पाणी पिऊन वेळेवर घरी येऊ लागला. हरेश शिबिराला निघाला तेव्हा सगळं गाव वाजतगाजत नाक्यापर्यंत आलं होतं. सुगंधा वहिनींनी त्याला ओवाळलं, हातावर साखर ठेवली आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "सावकास खेल रे बाबा. घाई नको करू."

मी शेजारीच उभी होते, मला हसू आवरेना. हरेश हसला नाही. त्यानं बोट वर केलं, दम पुरा केला आणि म्हणाला, "बगू."

पुढच्या मोसमात संघानं त्याला घेतलं, पण राखीव म्हणून. गावानं देवळासमोर मोठा पडदा लावला. संध्याकाळी सगळं गाव सतरंज्या घेऊन तिथं. हरेश बाकावर बसलेला असायचा, संघाचा रंगीत शर्ट घालून, हात मांड्यांवर. कॅमेरा त्याच्यावरून गेला की आरडाओरडा व्हायचा, आणि पुढच्या क्षणी पडद्यावर दुसरंच कुणी. एकदा त्यानं एका खेळाडूला टॉवेल दिला, ते दिसलं. गावातल्या पोरांनी तेवढाच तुकडा कापून मोबाईलवर फिरवला. असा तो सगळा मोसम गेला, आणि त्याला एकदाही आत बोलावलं नाही.

मग देवळात वाद झाला. एका बाजूचं म्हणणं, तो टीव्हीवर दिसला, संघात होता, शर्टावर नाव होतं, तेव्हा नवस पुरा झाला. या बाजूला केसवाले आणि दारूवाले जास्त होते, हे सांगायला नको. दुसऱ्या बाजूला आमच्या सासूबाई आणि आणखी काही बायका. शेवटी निकाल नानांवर सोपवला. नाना बराच वेळ विडी न पेटवता हातात फिरवत राहिले. त्यांना स्वतःला मासळीची किती आठवण येत होती ते त्यांच्या सुनेला विचारावं. म्हणाले, "बसला तो बसला. खेलला न्हाय. मी देवीला खेलंल म्हनून सांगितलंय." झालं. सगळे मुकाट्यानं घरी गेले. सुगंधा वहिनींनी दुसऱ्या दिवशी देवीची ओटी भरली.

त्यानंतर संघानं हरेशला सोडून दिलं. दुसऱ्या कुठल्या संघानं घेतलं नाही. त्याला दुखापत झाली नाही, कुणाशी भांडण झालं नाही, वशिला आड आला असंही कुणी सांगितलं नाही. त्याच्यासारखी पोरं तिथं पुष्कळ होती, एवढंच. तो भिवंडीच्या कल्याण नाक्यावरून शेअर रिक्षानं आला, बॅग मांडीवर घेऊन, फ्लेक्सच्या खालीच उतरला. ऊन खाऊन फ्लेक्सचा रंग गेला होता. शुभेच्छुकांचे गॉगल तेवढे काळे राहिले होते. मी त्याला ओट्यावरून येताना पाहिलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण तेव्हा काहीच वाटलं नाही. गॅसवर वरण होतं, ते उतू जाईल म्हणून मी आत गेले.

गावानं त्याला एक शब्द बोलून दाखवला नाही. उलट जो भेटेल तो पाठीवर हात ठेवून म्हणे, पुढल्या वर्साला. आणि नवस चालूच. चपला सोडलेला अनवाणीच होता. एखाद्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. हरेश कुणाच्या तोंडाकडे बघेनासा झाला. रस्त्यानं जाताना आधी माणसाचे पाय बघायचा, मग केस, मग मान खाली. नाक्यावर कोळीण टोपली घेऊन बसायची, तिला टाळून तो मागच्या गल्लीनं जायचा. त्याच्या आईनं एकदा मला सांगितलं, पोरगा घरात मासळी खात नाही. त्यानं नवस बोललेला नव्हता. पण गाव आपल्या नावानं उपाशी असताना आपण कसं खायचं, असं काहीतरी त्याचं असावं. विचारलं असतं तर बगू म्हणाला असता.

मी वडप्याला एका गोदामात कॉम्प्युटरवर मालाच्या नोंदी करते. तिथं माणूस हवा होता, माझ्या सांगण्यावरून हरेशला गेटवर घेतलं. गाड्यांचे नंबर घ्यायचे, सील बघायचं, बिहार-यूपीच्या ड्रायव्हरांशी हिंदीत दोन शब्द बोलायचे. काम त्यानं चोख केलं. जेवायला आम्ही एकत्र बसायचो. त्याच्या डब्यात कायम भेंडी नाहीतर मसूर. एका ड्रायव्हरनं त्याला ओळखलं, भाई, आप वही हो ना टॉवेलवाले? हरेश म्हणाला हां, आणि त्याच्या गाडीचा नंबर लिहून घेतला. पहाटे उठून तो अजूनही मैदानावर पळायचा. कशासाठी पळतोस, असं मी एकदाच विचारलं. म्हणाला, "न्हाय पललो तं लोकांना काय वाटंल?"

मग नाना अंथरुणाला खिळले. अन्न जाईना. पेज दिली तर तोंड फिरवत. डॉक्टर म्हणाले, मऊ मासळी द्या, ओला बोंबील द्या, अंगाला लागेल. नानांची सून रडत आमच्याकडे आली. म्हातारा झोपेत बोंबलाचं कालवण मागतो आणि जागा झाला की ताट सरकवतो. देवीला शब्द दिलाय म्हणतो. दोन-तीन जाणत्यांनी मिळून तोड काढली. कोन गावाला रविवारी सामने होते. हल्ली गावोगावचे सामने यूट्यूबवर थेट दाखवतात, ते टीव्हीवर लावता येतात. हरेशनं तिथं खेळायचं, नानांना ते टीव्हीवर दाखवायचं आणि हीच ती लीग म्हणून सांगायचं. म्हाताऱ्याला काय कळतंय.

हरेशला हे सांगितलं तेव्हा त्यानं बोट वर केलं नाही. लगेच म्हणाला, "नानाला फसवायचं न्हाय." आणि तडक उठून नानांकडे गेला. मी नानांच्या सुनेसाठी पेजेचं भांडं घेऊन मागोमाग गेले, म्हणून पुढचं माझ्या समोर झालं.

हरेश खाटेशेजारी खाली बसला. नानांचा हात त्यानं हातात घेतला नाही की काही नाही. सरळ सांगितलं की रविवारी मी कोनला खेळतोय. टीव्हीवर दिसेल, पण ती मोठी लीग नाही. तिथं मला आता कुणी घेणार नाही, मी पुन्हा बोलावण्याची वाटही बघत नाही. हे तो पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होता, आणि आवाज असा की गाडीचा नंबर सांगतोय.

नाना छताकडे बघत होते. मग म्हणाले, "मी देवीला लीगचं नाव सांगितलं व्हतं का?"

"न्हाय, नाना."

"मंग झालं तं. रविवारी टीवी हितं आना."

रविवारी दुपारी नानांच्या पायांशी टीव्ही मांडला. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी सासूबाईंना घेऊन दारात उभी होते. कोनचं मैदान दिसत होतं, मागं ट्रकांची रांग, कॉमेंट्रीवाला आगरी गाण्याच्या ओळी म्हणत होता. हरेश पहिल्या चढाईला गेला आणि पकडला गेला. पुढं त्यानं काही गुण घेतले, दोनदा पुन्हा सापडला, आमचा संघ हरला. चांगलं खेळला असं म्हणता येणार नाही, वाईट खेळला असंही नाही. नाना त्याचे पाय बघत होते. शेवटची शिट्टी झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "खेलला." सुनेनं ताट आणलं. ओल्या बोंबलाचं कालवण, मऊ भात. नानांनी दोन-तीन घास घेतले आणि मीठ कमी आहे म्हणाले. मग बसल्या बसल्या त्यांना झोप लागली.

नाना त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत, पण राहिले तोवर मासळी खाऊन राहिले. गावानं त्यांचा निकाल मानला. पोरं एकेक करून न्हाव्याकडे गेली. अनवाणी चालणाऱ्यानं भिवंडीहून नवे बूट आणले. सुगंधा वहिनींचा नवरा पुन्हा भिंत धरायला लागला, आणि वहिनी हरेशशी बोलेनाशा झाल्या. कुणी हार आणला नाही, डीजे लावला नाही. नाक्यावरचा फ्लेक्स कुणीतरी काढून कोंबड्यांच्या खुराड्यावर घातला. आता हरेश नाक्यावरून गेला तरी पुढल्या वर्साला असं कुणी म्हणत नव्हतं. काही दिवस तो तिथं उगाच रेंगाळायचा. कुणी हाक मारेल म्हणून थांबला असावा असं मला वाटायचं. नंतर तोही रेंगाळेनासा झाला. पहाटेचं पळणंही थांबलं.

एक माणूस मात्र ऐकायला तयार नव्हतं, ते आमच्या घरात होतं. सासूबाई म्हणाल्या, नानाचा नवस नानाचा, माझा माझा. त्यांनी मनात टीव्हीवरची मोठी लीग धरली होती. मी समजावलं, नवऱ्यानं समजावलं. आम्ही दोघं खायला लागलो, त्या वरणभात खात राहिल्या.

गेल्या महिन्यात कंपनीनं हरेशला नागपूरच्या गोदामात पाठवायचं ठरवलं. सुपरवायझर म्हणून. निघायच्या दिवशी सकाळी तो बॅग घेऊन आमच्या ओट्यावर आला. त्या खचलेल्या भिंतीवरूनच आला. सासूबाईंच्या पाया पडला आणि मला म्हणाला, "वहिनी, बोंबील हायत का घरात? तलाल का?"

मी तळले. तो स्वयंपाकघरात मांडी घालून बसला, सासूबाईंना समोर बसवलं. तांदळाच्या भाकरीचा तुकडा मोडला, बोंबलाचा मधला काटा काढला, घास केला आणि त्यांच्या तोंडापाशी नेला.

"खा, काकी. मी सांगतो ना. मी आता न्हाय खेलनार."

सासूबाईंनी तोंड उघडलं नाही. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, रागानं नाही की कौतुकानं नाही, नुसत्या बघत राहिल्या. हरेशनं हात खाली घेतला नाही. मी तव्याखालचा गॅस बंद केला. त्याचे ओठ हलत होते की काय म्हणून मी पाहिलं, हलत नव्हते. किती वेळ तो हात तसाच होता कुणास ठाऊक. बाहेर त्याला न्यायला आलेल्या टेम्पोनं हॉर्न दिला.

शेवटी तो घास त्यानं स्वतःच्या तोंडात घातला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. हळू चावला, गिळला, ताटातली उरलेली भाकरी आणि बोंबील संपवले. हात धुताना म्हणाला मीठ बरोबर आहे. मग बॅग उचलून टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसला, आणि टेम्पो नाक्यावरून वडप्याच्या बाजूला वळला.

सासूबाईंनी त्याचं ताट उचललं, काटे मांजरीला घातले.

"टीवीचं रिचार्ज संपलं तं नाय ना गो?" त्यांनी मला विचारलं.